वर्डमधलं मॅक्रोचं पॉज बटण : कामाचं आहे, पण अर्धंच

थिसिस आणि कोर्टाचे कागद फॉरमॅट करून देणं हा आपला धंदा, त्यामुळे मॅक्रोशिवाय, म्हणजे एकदा केलेली कामं रेकॉर्ड करून ठेवून ती हवी तेव्हा आपोआप परत करून घेण्याच्या सोयीशिवाय, आपलं पान हलत नाही. तरी मायक्रोसॉफ्ट वर्डमधलं हे रेकॉर्डिंग मध्येच थांबवणारं पॉज बटण वर्षानुवर्षं मॅक्रो वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं, कारण ते ठेवलंय अशा कोपऱ्यात की कोणाचं लक्षच जाऊ नये. व्ह्यू टॅब, तिथे मॅक्रोज, त्याच्या खालचा बाण, आणि रेकॉर्डिंग चालू असेल तरच 'पॉज रेकॉर्डिंग' दाबता येतं. दाबलं की त्याच जागी 'रिझ्यूम रेकॉर्डर' येतं. शॉर्टकट काही दिलेला नाही. त्यावर राइट क्लिक करून क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर (नेहमीच्या बटणांची छोटी पट्टी) टाकून घ्या, मग ऑल्ट आणि आकडा दाबून भागतं.

आता फायदा काय ते सांगतो. रेकॉर्डिंग सुरू झालं की माउसच्या बाणाला छोटी कॅसेट चिकटते आणि माउसने मजकूर सिलेक्टच होत नाही, सगळं कीबोर्डने करावं लागतं. मध्येच आठवतं की अरे या फाइलीत हेडिंगची स्टाईल नक्की कोणती वापरलीय ते बघायला हवं, किंवा फोन येतो आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या फाइलीतलं काहीतरी बघून सांगायचं असतं. तेव्हा पॉज करायचं, हवं तिथे फिरायचं, माउस परत नेहमीसारखा चालतो, आणि यातलं काहीही मॅक्रोत जात नाही. नंतर ऑल्ट+एफ११ दाबून एडिटरमध्ये मॅक्रोचा कोड बघा, पॉजची खूणसुद्धा सापडणार नाही. एवढं स्वच्छ काम वर्डमध्ये कमीच बघायला मिळतं खरं तर.

पण गोम इथेच आहे. पॉजमध्ये तुम्ही कर्सर तिसऱ्या पॅराग्राफवरून दहाव्यावर नेलात आणि तिथून रिझ्यूम केलंत, तर मॅक्रोला त्या उडीचा पत्ताच नाही, तो चालवताना तिसऱ्यावरच पुढचं सगळं करत सुटेल आणि मग कंट्रोल+झेड दाबत बसा. म्हणून साधा नियम, जिथे पॉज केलं तिथेच परत यायचं आणि मगच रिझ्यूम.

दुसरं म्हणजे हे बटण फक्त रेकॉर्डिंग थांबवतं, चालणारा मॅक्रो नाही. बऱ्याच जणांना हवं असतं ते हे दुसरं, म्हणजे मॅक्रोने अर्धं पत्र तयार करावं, थांबावं, मी पक्षकाराचं नाव टाकावं, मग त्याने पुढे जावं. १९८९ सालच्या वर्डपरफेक्ट ५.१ या जुन्या वर्ड प्रोसेसरमध्ये ही सोय होती बरं का! मॅक्रो बनवताना कंट्रोल+पेजअप दाबून पॉज घालायचा, चालवताना मॅक्रो तिथे थांबायचा, तुम्ही टाइप करून एंटर मारलं की पुढे. वर्डच्या रेकॉर्डरमध्ये हे नाही. कोडमध्ये इनपुटबॉक्स (माहिती विचारणारी छोटी खिडकी) टाकता येतो, पण तो उघडा असेपर्यंत खालच्या मजकुराला हात लावता येत नाही. कंट्रोल+ब्रेकने चालू मॅक्रो थांबतो आणि कंटिन्यूने पुढेही जातो, पण तो आग विझवायचा प्रकार झाला, आणि कित्येक लॅपटॉपवर ब्रेकची कीच नसते.

त्यावर आपला तोडगा सरळ आहे, एकाऐवजी दोन मॅक्रो. पहिल्याने आपलं काम करून शेवटी एक बुकमार्क, म्हणजे त्या जागेची खूण, टाकायचा, मग तुम्ही हाताने काय ते भरा, आणि दुसऱ्याने त्या बुकमार्कवर जाऊन उरलेलं उरकायचं. दोघांना वेगवेगळे शॉर्टकट.

मराठीवाल्यांसाठी एक वेगळंच. रेकॉर्डिंगमध्ये देवनागरी टाइप केलं तर कोडमध्ये अक्षरं नाही, नंबर दिसतात, 'म'च्या जागी २३५०, 'र'च्या जागी २३५२. घाबरू नका, चालतं व्यवस्थित. पण त्या एडिटरमध्ये थेट मराठी पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग लागते. म्हणून मराठी शब्दांचं फाइंड-रिप्लेस मी नेहमी रेकॉर्डच करतो, आणि लांबलचक यादी असली की मधे पॉज मारून पुढचा शब्द नीट तपासून घेतो. इथे हे बटण खरंच पैसे वसूल आहे.

लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो रेकॉर्डर आधी सेटिंगमधून चालू करावा लागतो आणि त्यात फक्त स्टॉप आहे, पॉज नाही. एक्सेलच्या रेकॉर्डरमध्येही नाही. आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये शोधत बसू नका, तिथे मॅक्रो रेकॉर्डच होत नाही.