मुद्द्यांवरून गोष्ट की होडीतला फणस? छोट्या शाळेत मुलांना लिहितं करताना

तिसरी-चौथीच्या मुलांकडून स्वतःचं काही लिहून घ्यायचं म्हटलं की चार वाटा समोर येतात: मुद्द्यांवरून किंवा चित्रावरून गोष्ट, 'माझा अनुभव', मुलांनी सांगायचं आणि बाईंनी लिहायचं, आणि दोन भलत्याच शब्दांची गाठ मारून रचलेली गोष्ट. चारही कुठे ना कुठे चालतात. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत, जिथे पट विसाच्या आत आणि एका खोलीत दोन-दोन इयत्ता असतात, तिथे चारही सारख्या उपयोगाच्या नाहीत. हा आढावा त्या शाळेपुरता, आणि त्यातही नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकासाठी.

मुद्द्यांची गोष्ट आधी बाजूला काढते, कारण तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड, जलदेवता. सगळ्या वह्यांत तीच गोष्ट, बहुधा त्याच वाक्यांत. आधी काय, नंतर काय याचं भान येतं, पूर्णविराम पडायला लागतात, तपासायला वेळ लागत नाही आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीत असा प्रश्न आलाच तर मूल अडत नाही. तेवढ्यासाठी ती ठेवावी. तिला सर्जनशील लेखन म्हणू नये. चित्रवर्णनाची गत थोडी बरी. 'चित्रात एक झाड आहे. चित्रात दोन मुली आहेत' अशी मोजदाद सुरू झाली की चित्राच्या चौकटीबाहेरचं विचारावं: ही मुलगी कुणाकडे बघून पळतेय? मग गाडी हलते.

अनुभवलेखनाला कोकणात तोटा नसावा असं वाटतं. शिमग्याला पालखी दारात येते, गणपतीला चाकरमान्यांनी घर भरतं, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी लोटते. तरी 'माझा आवडता सण' लिहायला दिला की वहीत येतं: सकाळी लवकर उठलो, आंघोळ केली, नवीन कपडे घातले, खूप मजा आली. दोष मुलांचा नाही, विषय फार रुंद आहे. तो अरुंद केला की लेखन बदलतं. पालखी अंगणात नाचत होती तेव्हा तू कुठे उभा होतास? शिमग्यातल्या संकासुराच्या सोंगाला बघून कोण कुठे लपलं? अशा प्रश्नावर चौथीचं मूल सात-आठ खरी वाक्यं लिहितं. सण होऊन आठवडा उलटायच्या आत मात्र लिहून घ्यावं, नाहीतर पुन्हा आंघोळ आणि नवीन कपडे.

या पद्धतीची दुसरी बाजू शिक्षकांच्या बोलण्यात फारशी येत नाही. 'माझे बाबा', 'सुट्टीत आम्ही कुठे गेलो' हे विषय ज्याचे वडील मुंबईत एकटे राहतात किंवा महिनोन् महिने बोटीवर असतात त्या मुलाला अडचणीत टाकतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्यातल्या घरात पैशांची ओढ असते. त्याच दिवसांत घराबद्दल लिहायला सांगणं बरं नव्हे. रचलेल्या गोष्टीत मुलाला आडोसा मिळतो. तिथे रागावलेला बाप खेकडा होऊ शकतो. म्हणून अनुभव आणि कल्पना यांत पहिली निवड करायची झाली तर मी कल्पनेच्या बाजूने आहे.

पहिली-दुसरीला मात्र दोन्हीच्या आधी 'तू सांग, मी लिहिते' हेच हवं. या वयात मूल जेवढं बोलतं त्याचा दहावा हिस्साही त्याला लिहिता येत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा शब्द विचारून कार्डावर लिहून देत आणि वाचन तिथूनच सुरू करत. आपल्याकडे शब्दाऐवजी वाक्य घ्यावं. मूल म्हणालं, 'आजाक बांगडो गावलो,' तर फळ्यावर तसंच लिहावं, मुलाकडूनच वाचून घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी 'आजोबांना बांगडा मिळाला' हे लिहावं. पहिल्याच फटक्यात प्रमाण मराठी करून लिहिलं की मूल दुसऱ्या वेळी बोलतच नाही. घाटावरून बदलून आलेल्या शिक्षकाला मालवणी किंवा संगमेश्वरी बोली कळत नसेल तर ते उलट पथ्यावर पडतं. मुलाला समजावून सांगावं लागतं आणि त्यातच चार वाक्यं जास्त मिळतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, तेव्हा कुणी हरकत घेतली तर उत्तर तयार आहे. अडचण वेळेची. एका वेळी पाच-सहा मुलांपलीकडे हे जमत नाही. पण दोन इयत्ता एकाच खोलीत असणं इथे कामी येतं: चौथीतलं मूल पहिलीतल्याचा लेखनिक होतं आणि त्याचाही सराव होतो.

शब्दांच्या जोडीची कल्पना जानी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाची. १९७० चं हान्स अँडरसन पारितोषिक त्यांना मिळालं होतं. दोन मुलांनी एकमेकांचं न बघता एकेक शब्द लिहायचा. रोदारींचं उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचं, आपल्याकडे होडी आणि फणस निघतील. आता दोन्ही जोडून बघा: होडीतला फणस, फणसाची होडी, फणसावर होडी, होडीसाठी फणस. मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं एवढी हाताशी असल्यामुळे एका जोडीतून सहा-सात सुरुवाती सहज निघतात, आणि 'फणस'चं 'फणसा' का झालं हे व्याकरणाचा तास न घेता कानावर पडतं. फणसाची होडी पाण्यात घातल्यावर चिकामुळे वल्हं चिकटून बसलं, इथवर मुलं आपणहून पोचतात. होडी आणि जाळं अशी शेजारची जोडी आली तर शब्द बदलायला लावावा, कारण त्यांची गोष्ट रोज घडतेच.

एका तासिकेत हे आटपतं, साहित्य लागत नाही, घरचं काही विचारावं लागत नाही. तोटे दोन. गोंगाट होतो, आणि गोष्ट संपत नाही. त्यावर एक अट पुरते: आठव्या वाक्याला होडी किनाऱ्याला लागलीच पाहिजे. तिसरी-चौथीसाठी मी आठवड्यातून एकदा हाच खेळ घेईन, अनुभव सणासुदीला, मुद्द्यांची गोष्ट चाचणीच्या तोंडावर.

तपासणीचं तेवढं ठरवून घ्या. पहिल्या वाचनात लाल पेन नको. दुसऱ्या वेळी एकाच प्रकारची चूक धरावी, फक्त पूर्णविराम किंवा फक्त अनुस्वार. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, हे काम 'उपक्रम/कृती'खाली बसतं. वर्णनात्मक नोंद करताना 'कल्पनाशक्ती चांगली आहे' असं मोघम न लिहिता मुलाचंच एक वाक्य उतरवावं. शाळा बघायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही ते वाचायला बरं वाटतं. भित्तिपत्रक मात्र दिवाळीनंतर सुरू करावं. पावसाळ्यात भिंतीवरचा कागद दमट होऊन गळून पडतो, तोवर गोष्टी शिवलेल्या वहीत राहू द्याव्यात.