पत्नीच्या अमेरिकन व्हिसासाठी आर्थिक हमी : नाशिकमधील एका सल्लागार कार्यालयाचा अनुभव

आमचे जावई अमेरिकेचे नागरिक आहेत. मुलीच्या इमिग्रंट व्हिसाची, म्हणजे अमेरिकेत कायमचे राहायला जाण्यासाठीच्या व्हिसाची, कागदपत्रे तयार करून घेण्यासाठी आम्ही कॉलेज रोडवरील एका व्हिसा सल्लागार कार्यालयाकडे गेलो आणि २५ हजार रुपये शुल्क भरले. या कार्यालयाचे बहुतेक काम परदेशी शिक्षणाचे असल्यामुळे आर्थिक कागदपत्रांचा विषय निघाला, की तिथे आधी वडिलांची मालमत्ता विचारली जाते. आम्हालाही तीच यादी मिळाली : दिंडोरीच्या द्राक्षबागेचा सातबारा, इंदिरानगरच्या फ्लॅटचे मूल्यांकन, माझ्या मुदत ठेवींच्या पावत्या आणि सीएचे नेटवर्थ प्रमाणपत्र. तलाठी कार्यालय, मूल्यांकनकार आणि सीए यांच्याकडे खेटे घालण्यात दोन आठवडे गेले, वर ९ हजार रुपये खर्च झाले, आणि यांतला एकही कागद कामाला आला नाही.

विद्यार्थ्याची फी आईवडील भरणार असतात, म्हणून तिथे त्यांची ऐपत दाखवावी लागते. पत्नीच्या व्हिसासाठी लागणारा आय-८६४ हा आर्थिक हमीचा फॉर्म मात्र पती आणि अमेरिकी सरकार यांच्यातील करार असतो. पतीचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ मध्ये ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. उत्पन्न कमी पडल्यास दुसरा हमीदार देता येतो, पण तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच असावा लागतो. नाशिकच्या वडिलांकडे कितीही एकर बाग असली तरी ते हमीदार होऊ शकत नाहीत. एवढी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली गेली असती, तर आमचे दोन आठवडे वाचले असते.

मी तक्रार केल्यावर आमची फाइल तिथल्या एका अनुभवी मॅडमकडे देण्यात आली आणि त्यानंतरच्या कामाबद्दल मला मनापासून चांगलेच लिहायचे आहे. जावई शिक्षणासाठी अर्धवेळ नोकरी करत असल्याने त्यांचे वार्षिक उत्पन्न १९,८०० डॉलर होते. मॅडमनी फॉर्मच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने वजाबाकी मांडली, ६,६३७ डॉलरची तूट काढली, तिला तीनने गुणले आणि १९,९११ या आकड्याभोवती गोल केला. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, आणि ती व्हिसा मागणाऱ्या व्यक्तीची स्वतःचीही चालते, हे त्यांनी समजावून सांगितले. मग मुलीकडे वळून त्यांनी विचारले, “ताई, तुमच्या स्वतःच्या नावावर काय काय आहे?” इतक्या दिवसांत तिला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. अंबडमधील कंपनीत सात वर्षे नोकरी करून तिने ठेवी आणि म्युच्युअल फंडांत सुमारे १८ लाख रुपये साठवले होते. तूट त्यातूनच भरून निघाली.

मालमत्ता वर्षभरात रोख करता आली पाहिजे, अशीही अट आहे. त्यामुळे प्रत्येक ठेव कोणत्या बँकेत, कोणाच्या नावावर, कधीपासून आणि किती रकमेची आहे, याचा तक्ता मॅडमनी स्वतः बसून तयार केला. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, हे नमूद करणारे बँकेचे पत्रही त्यांनी सोबत जोडायला लावले.

जावयांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना त्यांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली : घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही, साधारणपणे पत्नीला नागरिकत्व मिळेपर्यंत किंवा तिच्या अमेरिकी सामाजिक सुरक्षा खात्यावर कामाच्या ४० तिमाही (साधारण दहा वर्षांचे काम) जमा होईपर्यंत ती कायम राहते. जावयांनी तोच प्रश्न तीन वेळा विचारला आणि मॅडमनी तिन्ही वेळा न कंटाळता उत्तर दिले. मुलीचा बाप म्हणून मला त्या अर्ध्या तासाचे मोल २५ हजारांहून अधिक वाटते.

कागदपत्रे मुलाखतीआधी तपासणाऱ्या अमेरिकी सरकारच्या नॅशनल व्हिसा सेंटरने ती स्वीकारली असून आता मुंबईच्या मुलाखतीची तारीख यायची आहे. जोडीदाराच्या व्हिसासाठी या कार्यालयात जाणाऱ्यांनी शिक्षण विभागाच्या टेबलावर न थांबता इमिग्रंट व्हिसाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीलाच भेटावे. चुकीच्या यादीपायी झालेले ९ हजार रुपये परत मिळावेत, अशी लेखी मागणी मी केली आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.