जोडून घ्यावा की तयार?

आर्वीजवळच्या गावातून पुतण्याचा फोन: "काका, ३० हजारांत कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन जोडून घेऊ का तयार?"

जोडलेला स्वस्त दिसतो, पण तयार कॉम्प्युटरमध्ये बहुधा विंडोज येतं. जोडलेल्यात ते वेगळं घे, नाहीतर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स.

खरी गोम दुरुस्तीत आहे. जोडलेल्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, जळला तर तेवढाच बदल, नागपूरला सीताबर्डीत मिळतो. तयार छोट्या कॉम्प्युटरमध्ये पुष्कळदा कंपनीचाच बसतो. मात्र जोडलेल्यात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. बिलं जपणं तुझ्याकडून होईल का, शंकाच आहे. लाइन जाते-येते, यूपीएस दोन्हींना हवाच. मे महिन्यात ४५ अंशांत कॉम्प्युटरचा डबा भिंतीला चिकटवू नकोस.

टायपिंग, ऑनलाइन फॉर्म एवढंच असेल तर तयार घे. व्हिडिओ एडिटिंग करायचंय, पेचकस धरता येतो, तर जोड.