वरचा एक डॉलर नको: कंट्रोलरच्या फेरनिवडणुकीसाठी वर्गणी जमवताना

न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची राज्याच्या कंट्रोलरशी, म्हणजे हिशेबनीसाशी, ओळख होते ती विसरलेल्या पैशांमुळे. वीज कंपनीकडे भरलेलं डिपॉझिट, जुन्या नोकरीतला न वटवलेला चेक असलं काहीबाही त्या कार्यालयाकडे पडून असतं. आपण नाव टाकून शोधतो आणि चाळीस डॉलर सापडले तर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटतो. (स्पेलिंग ‘कम्प्ट्रोलर’ असलं तरी म्हणायचं ‘कंट्रोलर’च. मला हे कळायला सहा वर्षं लागली.)

या पदासाठी निवडणूक होते, हेच आपल्याला आधी पचत नाही. भारतात कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात. हिशेब तपासणारा माणूस मतं मागत दारोदार फिरतोय हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. शेजारच्या न्यू जर्सीतही खजिनदार गव्हर्नरच नेमतात, त्यामुळे तिथल्या एडिसन गावच्या भावंडांना हा प्रश्नच पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र दर चार वर्षांनी मतदान, आणि २०२६ हे त्यातलंच एक वर्ष.

समजा, सध्याच्या कंट्रोलरचं काम तुम्हाला पटतं आणि फेरनिवडणुकीला हातभार लावायचाय. (पटत नसेल आणि विरोधकासाठी जमवायचे असतील, तरी पुढचं सगळं तसंच लागू.) तुमच्यापुढे चार रस्ते आहेत: घरी सभा, ऑनलाइन लिंक, ओळखीच्यांना फोन, किंवा हॉटेलात तिकीट लावून डिनर. कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी या पदाच्या पैशाचं गणित समजून घ्यायला हवं, कारण ते आमदारकीच्या पैशासारखं नाही.

लहान रक्कमच का

न्यूयॉर्कचा कंट्रोलर राज्याच्या पेन्शन फंडाचा एकमेव विश्वस्त असतो. मंडळ नाही, समिती नाही, एकच माणूस. फंड अडीचशे अब्ज डॉलरच्या वरचा, आणि त्यावर दहा लाखांहून जास्त कर्मचारी व निवृत्तांची भिस्त. त्या फंडातला एखादा तुकडा गुंतवायला आपल्याकडे यावा म्हणून टपलेल्या कंपन्या थोड्या नाहीत. अॅलन हेवेसी हे कंट्रोलर २००६च्या डिसेंबरात पायउतार झाले ते सरकारी ड्रायव्हर बायकोच्या दिमतीला ठेवल्याच्या प्रकरणात. पण २०१० साली त्यांनी जो गुन्हा कबूल केला तो पेन्शनच्या पैशाचा होता. एका गुंतवणूक कंपनीला २५ कोटी डॉलर दिले आणि बदल्यात प्रवास, भेटी आणि निवडणुकीच्या देणग्या घेतल्या. त्यासाठी ते तुरुंगात गेले.

त्याच २०१० साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, नियम केला. गुंतवणूक सल्लागार कंपनीच्या ठरावीक अधिकाऱ्यांनी अशा पदाच्या उमेदवाराला मर्यादेपेक्षा जास्त देणगी दिली, तर त्या कंपनीला दोन वर्षं त्या सरकारी फंडाकडून फी घेता येत नाही. मर्यादा किती? स्वतः त्या उमेदवाराला मत देऊ शकत असाल तर ३५० डॉलर, नसाल तर १५०. मॅनहॅटनमध्ये फंडांच्या ऑफिसात काम करणारे मराठी लोक कमी नाहीत. नियम वरच्या आणि सरकारी ग्राहक मिळवणाऱ्या लोकांसाठी असला, तरी बऱ्याच कंपन्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना आधी परवानगी घ्यायला लावतात. म्हणून तुमच्या यादीतल्या फायनान्सवाल्या मित्राला पहिला प्रश्न ‘किती देतोस’ हा नको. ‘कम्प्लायन्सला (म्हणजे कंपनीच्या नियम सांभाळणाऱ्या विभागाला) विचारलंस का’ हा हवा.

आता दुसरं गणित. राज्याच्या सार्वजनिक निधी योजनेत उमेदवार सामील झाला असेल, तर राज्याच्या रहिवाशाने दिलेल्या ५ ते २५० डॉलरच्या देणगीवर राज्य सहापट रक्कम घालतं. २० डॉलर दिले की मोहिमेच्या हाती १४०. पूर्ण २५० दिले की १,७५०. पात्र व्हायला कंट्रोलरच्या उमेदवाराला अशा लहान देणग्यांतून किमान एक लाख डॉलर आणि किमान एक हजार देणगीदार दाखवावे लागतात.

आणि २५१ दिले तर? मग राज्याची ही सहापट जोड मिळत नाही. एका माणसाची एकूण देणगी अडीचशेच्या वर गेली की ती या हिशेबातूनच बाहेर पडते.

इथेच आपली पंचाईत होते. आपल्याला गणपतीच्या वर्गणीची पावती ५१, १०१, २५१ अशीच फाडायची सवय! २०२४ साली, ही योजना पहिल्यांदा विधिमंडळाच्या निवडणुकीत लागू झाली तेव्हा, आमच्या घरी एका उमेदवारासाठी सभा होती. एका काकांनी झोकात २५१चा चेक लिहिला. चार दिवसांनी मोहिमेच्या खजिनदारबाईंचा फोन: हा परत पाठवते, अडीचशेचा नवा द्याल का? वरचा एक डॉलर शकुनाचा असतो हे इंग्रजीत कसं सांगायचं, याचा मी अजून विचार करतोय.

घरची सभा

माझं मत आधीच सांगतो: उमेदवार योजनेत असेल तर हाच रस्ता. कारण इथे मोजायची आहेत ती माणसं, आणि माणसं पोह्यांना येतात.

खर्चाची भीती नको. स्वतःच्या घरी खाणंपिणं, आमंत्रणं यांवर तुम्ही स्वेच्छेने केलेला पाचशे डॉलरपर्यंतचा खर्च न्यूयॉर्कच्या कायद्यात देणगी म्हणून धरत नाहीत. पाचशेत तीस जणांचे पोहे, चहा आणि वर जिलबी आरामात होते.

मेहनत असते ती कागदाची. नाव, घरचा पत्ता, रक्कम, सही. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तीन क्लिपबोर्ड ठेवले होते आणि पेन एकच चालत होतं. निम्म्या लोकांनी पत्त्याच्या जागी नुसतं गावाचं नाव लिहिलं. ते फॉर्म पुन्हा भरून घ्यायला दोन रविवार गेले. त्याहून मोठा फटका बसला तो मतदारसंघाचा. विधिमंडळाच्या उमेदवाराला जोड फक्त मतदारसंघातल्या रहिवाशांच्या पैशावर मिळते, आणि आमचे सत्तावीसपैकी अकरा पाहुणे हायवेच्या पलीकडचे निघाले. कंट्रोलरच्या बाबतीत ही कटकट नाही. बफेलोची आत्या आणि क्वीन्सचा मामेभाऊ दोघंही चालतात. न्यू जर्सीतून आलेल्यांचे शंभर मात्र शंभरच राहतात.

रोख चालते, पण शंभर डॉलरपर्यंतच. त्यावर चेक किंवा कार्ड.

सभेत सगळ्यात अवघड क्षण पैसे मागण्याचा नसतो, नाकारण्याचा असतो. आमच्याकडे एका मैत्रिणीचे सासरे पुण्याहून आले होते. त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढली, वर एकची ठेवली आणि ‘चांगल्या कामाला माझेही’ म्हणाले. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाचे पैसे घेताच येत नाहीत. एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा, कुणाचेच नाही. अमेरिकेचा कायदा राज्याच्या आणि गावाच्या निवडणुकीलाही लागू आहे. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक देऊ शकतात. आजोबांना म्हटलं, तुम्ही मोबदला न घेता काम करू शकता, ते कायद्यात बसतं. मग त्यांनी दारात बसून सगळ्यांचे पत्ते तपासले, आणि खरं सांगतो, त्यांच्या हातचे फॉर्म एकही परत आले नाहीत.

एवढ्यावरून कुणाला युक्ती सुचेल, की सुनेच्या कार्डावरून देऊ आणि तिला रोख देऊन टाकू. नको. दुसऱ्याच्या नावावर देणगी हा सरळ गुन्हा आहे. आणि त्याच कारणाने एच-१बीवरच्या जोडप्याने यजमानपदही घेऊ नये. खाण्याचा खर्च त्यांच्या अंगावर येतो. घर नागरिकाचं किंवा ग्रीन कार्डवाल्याचं असावं.

ऑनलाइन लिंक

देणग्या घेणाऱ्या वेबसाइटींपैकी डेमोक्रॅट उमेदवार बहुधा अॅक्टब्लू वापरतात, रिपब्लिकन विनरेड. दोन्हीकडे शेकडा चारच्या आसपास कटतात, म्हणजे पंचवीस डॉलरमागे साधारण एक डॉलर. त्या बदल्यात नाव-पत्ता माणूस स्वतःच भरतो, फॉर्मचे रविवार वाचतात.

सभेच्या तुलनेत लिंकचा दोष एकच, पण मोठा: ती कुणी उघडत नाही. व्हॉट्सअॅपवर टाकली की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. लिंक एकेकट्याला, दोन ओळी लिहून पाठवली तरच चालते. आणि मंडळाच्या ग्रुपवर तर टाकूच नका. बहुतेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत आणि अशा संस्थेला उमेदवाराच्या प्रचारात भाग घ्यायला मनाई आहे. गणेशोत्सवाच्या टेबलावर डबा ठेवणंही त्यातच आलं.

लिंकची खरी ताकद दरमहा देणगीत आहे. तिथे एक हिशेब आधीच करा. महिना २५ लावले तर अकराव्या महिन्यात २७५ होतात आणि अडीचशेची रेघ ओलांडली जाते. महिना २० लावले तर वर्षाचे २४०. पाच डॉलरची ही काटकसर मोहिमेच्या फायद्याची आहे. शिवाय ‘दरमहा’ची चौकट आधीच टिक केलेली नाही ना, ते पाहा, नाहीतर एकदाचे म्हणून दिलेले पैसे दर महिन्याला जात राहतात आणि शिव्या लिंक पाठवणाऱ्याला बसतात.

फोन

दहा जवळच्या लोकांना फोन करणं हे सभा आणि लिंक यांच्या मधलं. घर आवरावं लागत नाही, पण भिडस्त माणसाचं हे काम नव्हे. मी तीन फोन करून थांबलो. आमच्याच गल्लीतल्या एका ताईंनी एका संध्याकाळी चौदा जणांकडून होकार मिळवला. त्यांची पद्धत अशी की आधी मुलांची चौकशी, मग सरळ ‘वीस डॉलर हवेत, लिंक पाठवतेय, मी लाइनवर आहे’. लाइनवर थांबणं हीच त्यातली किमया.

तुम्ही लाँग आयलंडवर आणि तुमची माणसं अल्बनी, रॉचेस्टर, सिरॅक्यूजला विखुरलेली असतील, तर सभेपेक्षा हेच बरं.

डिनर

हजार डॉलरचं ताट. दहा ताटांत दहा हजार, एका रात्रीत काम फत्ते. राज्यव्यापी पदासाठी न्यूयॉर्कमध्ये योजनेतल्या उमेदवारालाही प्राथमिक आणि मुख्य निवडणूक मिळून एका व्यक्तीकडून १८,००० डॉलरपर्यंत घेता येतात, तेव्हा कायद्याची आडकाठी नाही.

पण हिशेब मांडा. दहा ताटांतून दहा देणगीदार मिळाले, जोड शून्य. दोन सभांत मिळून चाळीस जणांनी प्रत्येकी पन्नास दिले तर दोन हजार, त्यावर बारा हजारांची जोड, एकूण चौदा हजार आणि पात्रतेला लागणाऱ्या हजार देणगीदारांच्या यादीत चाळीस नावं. आणि हजार डॉलरच्या ताटावर कोण बसतं? ज्यांचं त्या कार्यालयाशी काम असतं ते. सत्तेवरच्या हिशेबनीसाला अशी ताटं भरायला तुमची गरज नाही.

उमेदवार योजनेत नसेल तर मात्र पारडं थोडं फिरतं, कारण मग वीसचे वीसच. हे पहिल्याच फोनवर मोहिमेला विचारून घ्या. २०१४ साली राज्याने फक्त कंट्रोलरपदासाठी अशीच योजना घाईघाईने करून पाहिली होती. तेव्हाचे (आणि २००७पासूनचे) कंट्रोलर थॉमस डिनापोली तिच्यात उतरले नाहीत. त्यांचे प्रतिस्पर्धी बॉब अँटोनाची उतरले, पण पात्रतेची अट गाठू शकले नाहीत. उंबरठा ओलांडायला रकमेइतकीच माणसंही लागतात, आणि ती ऐनवेळी जमत नाहीत.

दुसऱ्या राज्यात असाल तर

पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासमध्ये अशा पदांसाठी व्यक्तीच्या देणगीला कमाल मर्यादाच नाही. तिथे तुमच्या विसांना आकड्यात फार वजन नाही, फोन आणि स्वयंसेवा जास्त उपयोगी. मॅसॅच्युसेट्समध्ये एका उमेदवाराला वर्षाला हजार डॉलरच देता येतात, त्यामुळे ऑडिटर किंवा ट्रेझररसाठी घरच्या सभांना तिथे चांगला भाव आहे. कनेटिकटमध्येही लहान देणग्यांवर सरकारी अनुदान मिळतं, पण एकगठ्ठा, पटीत नाही.

आणि कुणी विचारेलच म्हणून: नाही, करात सूट मिळत नाही. भारतात राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीत वजावट असते, इथे तसलं काही नाही. आमच्या सभेत हा प्रश्न चौघांनी विचारला. उत्तर ऐकून एकाने पन्नासचे वीस केले. वीस घेतले, पत्ता नीट लिहून घेतला, आणि जिलबीचं ताट त्याच्याकडे सरकवलं.