सोळा टेराबाइटचा ड्राइव्ह: नावे उरली, फाइली गेल्या

एकाच माहितीपायी माझी दोनदा फसवणूक झाली. पहिल्यांदा मला बनावट एक्स्टर्नल ड्राइव्ह विकणाऱ्याने फसवले आणि दुसऱ्यांदा, त्यातून गेलेली माहिती परत मिळवून देतो असे सांगणाऱ्याने. दोघांची युक्ती मुळात एकच होती आणि ती मला दुसऱ्या वेळीही ओळखता आली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या लॅपटॉपमधील जागा संपत आली होती. उतरवून ठेवलेली सॉफ्टवेअरे, बारा वर्षांची छायाचित्रे, कामाची कागदपत्रे आणि आईच्या आवाजातील काही ध्वनिमुद्रणे मिळून सुमारे ६४० जीबी माहिती दुसरीकडे हलवायची होती. ऑनलाइन शोधताना १६ टीबी क्षमतेचा, काडेपेटीएवढा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह, दिसला. नामांकित उत्पादकाच्या ८ टीबीच्या ड्राइव्हपेक्षा तो कितीतरी पटींनी स्वस्त होता. खरे तर तेथेच थांबायला हवे होते, कारण फ्लॅश मेमरीच्या चिप कोणालाही फुकट मिळत नाहीत. परंतु शेकडो ग्राहकांनी पाच-पाच तारे दिलेले पाहून मी तो मागवला. ते तारे बहुतेकांनी पाकीट उघडताक्षणी दिलेले असतात, ड्राइव्ह भरल्यानंतर नव्हे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

ड्राइव्ह जोडल्यावर संगणकाने १४.५ टीबी क्षमता दाखवली. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि म्हणून १ टीबीचा अस्सल ड्राइव्हसुद्धा ९३१ जीबी दिसतो, एवढे मला ठाऊक होते. मी हिशेब करून पाहिला, तो बरोबर आला आणि माझी खात्री पटली. माझ्या अर्धवट ज्ञानाने येथे माझाच घात केला, कारण ड्राइव्हची क्षमता संगणक मोजत नाही. ड्राइव्हमधील कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारी चिप, जो आकडा सांगतो तो संगणक निमूटपणे मान्य करतो. माझ्या ड्राइव्हच्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला शिकवलेले होते.

सगळे फोल्डर कॉपी व्हायला जवळपास एक दिवस लागला आणि एकही त्रुटी दाखवली गेली नाही. शेवटी शेवटी कॉपी झालेल्या दहा-बारा फाइली मी लगेच उघडून पाहिल्या, त्या व्यवस्थित उघडल्या. नुकतीच लिहिलेली फाइल संगणक पुष्कळदा ड्राइव्हवरून न वाचता आपल्या मेमरीत शिल्लक असलेल्या प्रतीवरून दाखवतो, त्यामुळे ही तपासणी व्यर्थ होती. ड्राइव्ह काढून, संगणक पुन्हा सुरू करून मगच ती करायला हवी होती. मी मात्र निश्चिंत मनाने लॅपटॉपमधील मूळ फाइली पुसल्या आणि रिसायकल बिनही रिकामे केले.

तीन आठवड्यांनी एक ध्वनिमुद्रण ऐकायला घेतले, तर ते सुरूच होईना. फोल्डर जागेवर होते, फाइलींची नावे होती, आकार आणि तारखाही होत्या. परंतु उघडायला जावे ती फाइल खराब असल्याचा संदेश येई. सुस्थितीत होते ते केवळ पहिले ११५ जीबी, आणि मी सर्वांत आधी कॉपी केली होती ती इंटरनेटवरून पुन्हा सहज उतरवता येतील अशी सॉफ्टवेअरे.

पुढे ड्राइव्हचे आवरण उघडले, तेव्हा आत एक लहानशी पट्टी आणि तिच्यावर गोंदाने चिकटवलेली ६४ जीबीची दोन मेमरी कार्डे निघाली. अशा बनावट ड्राइव्हमध्ये खरी जागा संपली की पुढची माहिती एकतर सरळ टाकून दिली जाते किंवा आधी लिहिलेल्या माहितीवर चढवली जाते. फाइलींची यादी मात्र ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, खऱ्या जागेत असते, त्यामुळे ती शाबूत दिसते. म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका छापलेली आणि आतली पाने कोरी, असा हा प्रकार होता. त्यातच हा ड्राइव्ह यूएसबी २.० च्या वेगाने चालतो. सेकंदाला ३० एमबी या गतीने १६ टीबी भरायला अखंड सहा दिवसांहून अधिक वेळ लागेल. एवढे कोणी भरत नाही, आणि फसवणूक कळेपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत उलटून जाते. माझीही उलटली होती.

लॅपटॉपमधून पुसलेल्या फाइली तरी परत मिळतील, अशी आशा होती. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहते. एसएसडीच्या बाबतीत मात्र ट्रिम नावाची आज्ञा रिकाम्या झालेल्या जागेची खबर ड्राइव्हला देते, ड्राइव्ह ती जागा आतून साफ करतो आणि मग फाइल परत मिळणे जवळजवळ अशक्य होते. हे मला नंतर समजले. त्याआधी मी एका ‘डेटा रिकव्हरी’ करणाऱ्याकडे बनावट ड्राइव्ह आणि लॅपटॉप दोन्ही सोपवून बसले होते.

त्याने दुसऱ्याच दिवशी माझ्या फाइलींची लांबलचक यादी पाठवली, सर्व माहिती सापडल्याचे कळवले आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. यादीत आईच्या ध्वनिमुद्रणांची नावे पाहून मी ती तत्काळ दिली. काही दिवसांनी उरलेली रक्कम घेऊन त्याने फाइली सुपूर्द केल्या. नावे तीच, आकार तेच आणि आत निव्वळ शून्ये. ड्राइव्हवर शाबूत असलेली अनुक्रमणिकाच त्याने मला पुन्हा विकली होती. जाब विचारल्यावर उत्तर मिळाले की, फाइली परत देण्याचे ठरले होते, त्या उघडतील असे ठरले नव्हते.

अशा व्यवहारात पैसे देण्यापूर्वी आपण निवडलेल्या चार-पाच फाइली आपल्यासमोर उघडून दाखवण्यास सांगावे. हेक्स एडिटर, म्हणजे फाइलीतील कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम, वापरता येत असेल, तर फाइलीची पहिली काही अक्षरे स्वतः पाहावीत: जेपीईजी छायाचित्राची सुरुवात एफएफ डी८ अशी होते, पीडीएफच्या आरंभी टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात. तेथे शून्ये असतील तर आत काही नाही. तपासणीपूर्वीच शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्याकडे तर जाऊच नये.

नवा ड्राइव्ह वा पेन ड्राइव्ह आला की तो रिकामा असतानाच तपासावा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स व मॅकवर एफ३ ही मोफत साधने आहेत. ती ड्राइव्हवर ठरावीक माहिती लिहितात आणि तीच परत वाचून ताडून पाहतात. पूर्ण तपासणी सर्वांत चांगली, परंतु माझ्या ड्राइव्हसारखा बनावट ड्राइव्ह दोन-तीनशे जीबीच्या तपासणीतही उघडा पडला असता. महत्त्वाच्या फाइलींच्या बाबतीत मूळ आणि प्रत यांचे शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीतील माहितीवरून काढलेले ओळख-आकडे, जुळतात की नाही, हे मी आता ड्राइव्ह काढून पुन्हा जोडल्यानंतर पाहते.

अनेकांनी मला व्हायरस होता का, असे विचारले. व्हायरस नव्हता, पण असता, डिस्क निकामी झाली असती, लॅपटॉप चोरीला गेला असता किंवा चुकीचा फोल्डर पुसला गेला असता, तरी माझी अवस्था हीच झाली असती, कारण मूळ फाइली पुसताच माझ्याकडे एकच प्रत उरली होती. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम मी वाचलेला होता: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्या मते त्यात आणखी एक अट हवी, ती म्हणजे एक प्रत संगणकापासून कायम सुटी ठेवण्याची. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद करतात. क्लाउडवरील सिंकलाही, म्हणजे सर्व ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणाऱ्या सोयीलाही, मी बॅकअप मानत नाही. एका ठिकाणी पुसलेली फाइल सिंक दुसऱ्या ठिकाणीही पुसून टाकते.

तपासणीचा अहवाल आणि उघडलेल्या ड्राइव्हची छायाचित्रे पाठवल्यावर, मुदत उलटूनही, विक्री संकेतस्थळाने ड्राइव्हचे पैसे परत केले. रिकव्हरीवाल्याविरुद्धची तक्रार अजून प्रलंबित आहे; त्याने पाठवलेली यादी मी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. ध्वनिमुद्रणांपैकी दोन मी कधीतरी बहिणीला ईमेलने पाठवली होती, ती तिच्याकडून मिळाली. आता ती तीन ठिकाणी आहेत.