विश्रामबागचा गर्भवती क्लास: शिकवणं भारी, जिना वैताग

सांगलीत विश्रामबागला एका हॉस्पिटलात गरोदर बायकांसाठी शनिवारी क्लास असतो, तिथं जाऊन आले. तक्रारपण आहे म्हणून नाव टाकत नाही.

मला वाटलेलं श्वासाचे व्यायाम आणि हे खा ते खाऊ नका एवढंच असेल, पण मॅडमनी जवळजवळ सगळा वेळ वारेवरच (प्लॅसेंटा, पोटात बाळाला पोसणारा अवयव) घालवला आणि एकदाही कंटाळा आला नाही. वार नुसतं रक्त पोचवत नाही, स्वतः हार्मोन बनवते. घरी प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दिसतं ते एचसीजी हार्मोन तिथलंच. सुरवातीला ते अंडाशयाकडून प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) बनवून घेतं, मग दोन-अडीच महिन्यांनी वारच ते काम अंगावर घेते.

खरी मजा पुढं. १७ नंबरच्या क्रोमोसोमवर ग्रोथ हार्मोनच्या घराण्यातले ५ जीन्स ओळीनं आहेत, एक मेंदूखालच्या पिट्युटरीत चालतो, बाकीचे ४ वारेत. त्यातल्या दोनांपासून प्लॅसेंटल लॅक्टोजेन नावाचं हार्मोन बनतं, ते आणि वारेतलं ग्रोथ हार्मोन आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे साखर रक्तात राहते आणि बाळाला मिळते. आपलं शरीर जास्त इन्सुलिन बनवून निभावून नेतं, नाही जमलं की गरोदरपणातली शुगर. हे सासूबाईंनी ऐकलं ते लय बरं झालं, नाहीतर मावशींनी साताऱ्यावरनं आणलेल्या कंदी पेढ्यांवर सगळा ठपका होता (पेढे मी खाल्ले, ते वेगळं).

एकीनं विचारलं, वारेत लॅक्टोजेनचा जीन नसलाच तर? तर म्हणे तशा बायकांनापण धडधाकट बाळं झाल्याची उदाहरणं आहेत, बाकीचे सांभाळून घेत असणार. आणि आयजीएफ-२ नावाचा वाढीचा जीन वारेत फक्त बापाकडून आलेला चालतो, आईकडचा गप्प असतो! सगळ्या बायका एकदम नवऱ्यांकडं बघायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, थांबा, बाळाचं वजन एका जीनवर ठरत नाही.

आता वैताग. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि येणाऱ्या सगळ्या पोटुशा! स्लाइड सगळ्या इंग्रजीत, मॅडम मराठीत बोलल्या म्हणून निभावलं. शेवटी काउंटरवर प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारायला बघतात, सरळ नाही म्हणा.

पाचपैकी चार, जिन्याचा एक कापला. ७५ ग्रॅम ग्लुकोजवाली टेस्ट व्हायच्या आधी जावा, आणि नवऱ्याला घेऊनच जावा.