कोळंबीतले हट्टी जिवाणू: कल्चर, पीसीआर की जिनोम सीक्वेन्सिंग?

अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू मासळीत शोधायचे, तर जिनोम सीक्वेन्सिंगकडे, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए वाचण्याकडे, वळावं का? माझं उत्तर: वळा, पण कल्चर प्लेट, म्हणजे पोषक माध्यमावर जिवाणू वाढवून पाहायची जुनी पद्धत, मोडीत काढू नका.

प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जिवाणू वाढतो की नाही, ते डोळ्यांना दिसतं. नमुन्यापासून निकालापर्यंत काही दिवस जातात. शिवाय व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकससारख्या समुद्री जिवाणूला माध्यमात मीठ लागतं. ते विसरलात तर तो उगवणारच नाही. तरी औषध चालतं की नाही, याचं थेट उत्तर इथंच मिळतं. का चालत नाही, ते मात्र कळत नाही.

पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून ते ओळखणारी चाचणी, काही तासांत उरकते, पण सांगाल तेवढंच जनुक शोधते. कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक निष्प्रभ करणारं एमसीआर-१ जनुक २०१५मध्ये जाहीर झालं. त्याआधी त्याची पीसीआर करणार कोण? डेन्मार्कमध्ये मात्र आधीच सीक्वेन्स करून ठेवलेले सुमारे ३,००० जिनोम संगणकावर चाळले आणि त्यांत ते सापडलं. सीक्वेन्सिंगचा पैसा वसूल होतो तो असा.

समुद्री मालात आणखी एक मेख आहे. शेवानेला हा पाण्यातला जिवाणू. कार्बापेनेम ही ताकदवान अँटिबायोटिक मोडणारी ओएक्सए-४८ गटातली जनुकं त्याच्या गुणसूत्रावर मुळातच असतात. तेच जनुक माणसाला आजारी पाडणाऱ्या क्लेबसिएला जिवाणूच्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) दिसलं, तर प्रकरण गंभीर, कारण प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं. पीसीआरला दोन्ही सारखेच. जिनोम हा फरक दाखवतो. फक्त डीएनएचे छोटे तुकडे वाचणाऱ्या शॉर्ट-रीड यंत्रावर प्लाझ्मिडचे तुकडे नीट जुळत नाहीत, वारंवार येणारे क्रम आडवे येतात. तिथं लांब तुकडे वाचणारं लाँग-रीड यंत्र लागतं.

पण जनुक असलं म्हणजे ते काम करतंच असं नाही, आणि जनुक न सापडताही जिवाणू औषधाला दाद देत नाही, असं घडतं. म्हणून संशयास्पद जिनोमची प्लेटवर पडताळणी हवीच.

कल्चर टाळून थेट मांसातला सगळा डीएनए वाचायचा मोह होतो. त्यात बहुतेक डीएनए कोळंबीचाच निघतो, मेलेल्या जिवाणूंचाही येतो, आणि जनुक कुणाचं ते बऱ्याचदा कळत नाही. रोजच्या तपासणीसाठी नकोच.

यंत्र घ्यायची घाई करू नका. प्लेटवर प्रतिरोधक ठरलेले तेवढेच जिवाणू बाहेर सीक्वेन्सिंगला पाठवा. यंत्र विकत मिळतं. आलेला डेटा वाचणारा माणूस आधी शोधा.